अनंताच्या आळ्यातलं रक्त

गुरुवार आला की नेरूळच्या त्या गल्लीत चपला काढायला जागा उरत नसे. शिरवणे गावाला लागून बैठ्या घरांची एक रांग आहे. तिच्यातलं कडेचं घर हौसेराव जगतापांचं. हौसेराव साताऱ्याकडचे, उभा जन्म मार्केटात गोणी वाहिलेले. घरापुढं चार पावलांत संपणारी बाग, तिला मेंदीचं कुंपण आणि फाटकावर चढवलेली मधुमालती. एवढ्याशा जागेत बायामाणसं इतकी खेटून उभी राहत की मेंदीच्या फांद्या मोडत, मधुमालतीचे झुबके कुणाच्या ना कुणाच्या केसांत जाऊन बसत. पण तिकडं लक्ष कुणाचं? सगळ्यांचे डोळे बागेच्या मधोमध असलेल्या अनंताच्या झाडावर. झाड जेमतेम कमरेएवढं, आणि त्याची पानं कावीळ झाल्यासारखी पिवळी.

झाडाजवळ, वाघाची कातडी छापलेल्या ब्लँकेटवर, बीजगुरू विश्वजित बसत. हिरवी लुंगी, हिरवं उपरणं, मनगटात हिरवा धागा. चष्म्याची फ्रेम तेवढी लाल होती, ती बहुधा आधीच्या धंद्यातली असावी.

"माई, झाड म्हणजे अँटेना," ते सुरू करत. "वरचं नेटवर्क झाडातून खाली येतं. आपला माणूस गेला म्हणतो आपण. गेला म्हणजे काय झालं? सिम बदललं. नंबर तोच आहे. फक्त कॉल लावणारा पायजे."

लोक माना डोलवत. मग बीजगुरू तांब्याचा गडू उचलत, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत आणि हळदीचं पाणी बुंध्याशी ओतत. गडूतून पडताना पाणी पिवळंधमक. आळ्यात पोचलं की लाल. साधंसुधं लाल नव्हे, आत्ताच कुणाला लागलंय असं लालभडक. गर्दीतून "आई गं" असा आवाज निघे, कुणी जमिनीला डोकं टेकवी, कुणी मोबाइल उंच धरी. आणि रंगूबाई, हौसेरावांची बायको, पदराचा बोळा तोंडात धरून त्या लाल चिखलाकडं बघत राहत. बीजगुरू सांगत, हे रक्त शिवतेजचं आहे. शिवतेज म्हणजे रंगूबाईंचा एकुलता एक मुलगा.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून तो ट्रेलर न्यायचा. दोन वर्षांमागं हायवेवर ट्रेलर उलटला आणि धडधाकट पोरगं चादरीत बांधून घरी आलं. मागं राहिली बायको वैष्णवी आणि बोबडं बोलणारी मैत्री.

हौसेरावांच्या गावाकडं आता बऱ्याच घरांत रक्षा नदीत सोडत नाहीत. खड्डा काढतात, त्यात रक्षा घालतात आणि वर झाड लावतात. रीत चांगली आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. हौसेरावांनीही तेच ठरवलं. त्यांच्या मनात होता वड. शेजारी मंजुषा मॅडम राहतात, शाळेत विज्ञान शिकवतात आणि गल्लीतल्या निम्म्या कुंड्यांची दुखणी त्याच बघतात. त्या म्हणाल्या, "काका, वड इथं नको. थोड्या वर्षांत मुळं भिंतीत शिरतील, गटाराची लाइन फोडतील, मग कुणीतरी कुऱ्हाड घेऊन येणारच. शिवतेजच्या झाडावर कुऱ्हाड चाललेली बघवेल तुम्हाला? लहान अंगणाला लहान झाड बरं. अनंत लावा." शिवतेजला बागेचा नाद होता, मेंदीचं कुंपण त्यानंच लावलेलं, आणि वासाची पांढरी फुलं म्हणजे त्याचा जीव की प्राण. रंगूबाईंनी मान हलवली.

"फक्त एक करा," मॅडम पुढं म्हणाल्या. "रक्षा मूठभर घाला, सगळी एका खड्ड्यात नको. राख म्हणजे चुन्याच्या जातीची. अनंताला थोडी आंबट माती लागते. जास्त राख झाली तर त्याला मातीतलं अन्नच घेता येणार नाही."

"मग उरल्याली कुटं टाकू?" रंगूबाई म्हणाल्या. "थोडं पोरगं हितं आन थोडं तितं?"

पोतंभर रक्षा त्या एवढ्याशा खड्ड्यात रिकामी झाली आणि वर रोप बसलं. बाग करणारा कुणी असली चूक करायचा नाही. आई मात्र करते, आणि तिला कोण रागावणार?

एक पावसाळा झाडानं कसाबसा काढला. मग पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. कळ्या धरायच्या आणि न उमलता गळायच्या. मंजुषा मॅडमनी पुन्हा सांगून बघितलं, "राख उकरून काढू, शेणखत आणि कुजलेला पाला घालू. अजून वेळ गेलेली नाही." रंगूबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की मॅडमना आपलीच लाज वाटली. "माज्या पोराला उकरायचं म्हनता?" एवढंच त्या बोलल्या, आणि विषय तिथं संपला.

अशा वेळी पलीकडच्या घरातल्या गोजराबाई बीजगुरूंना घेऊन आल्या. बीजगुरूंनी झाडाला प्रदक्षिणा घातली, एक पान तोडून हुंगलं आणि निदान केलं की आत्मा भुकेला आहे. इलाज काय? रोज सकाळी झाडापुढं गोवऱ्यांची धुनी पेटवायची आणि धुनीची राख गरमागरम नव्हे हो, निवल्यावर, बुंध्याला घालायची. म्हणजे राखेनंच आजारी पडलेल्या झाडाला औषध कसलं, तर आणखी राख. रंगूबाईंनी एक दिवस चुकवला नाही. झाड जितकं पिवळं पडे तितकं बीजगुरू हळहळत. "बघा माई, किती तळमळतोय तुमच्यासाठी. व्हायब्रेशन हाय आहे एकदम."

आणि खरं सांगायचं तर रंगूबाईंना ते ऐकून बरं वाटे. पोरगं तळमळतंय याचं दुःख होतंच, पण तळमळतंय म्हणजे कुठंतरी आहे. आठवडाभर त्या गुरुवारची वाट बघत. आळ्यात पाणी लाल झालं की त्यांच्या छातीतलं काहीतरी सैल होई, माझं लेकरू हाय अजून हितं, असं वाटे. फसवणाऱ्याला हे बरोबर कळतं. तो दार उघडं कुठं आहे ते आधी बघतो.

घरात या सगळ्याविरुद्ध एकटी वैष्णवी बोलत होती. महाप्याला एका ऑफिसात ती नोकरी करायची. सकाळी डबा, पोरीची तयारी आणि धावतपळत बस. जाता जाता ती धुनीकडं बघून म्हणे, "आई, झाड मरतंय. त्या माणसाचं ऐकू नका." रंगूबाई तोंड फिरवत. बीजगुरूंच्या कानावर ही गोष्ट गेलीच. प्रश्न विचारणारं माणूस घरात असलं की असल्यांचं दुकान चालत नाही.

गोजराबाईंनी त्यांना आणखी एक सांगून ठेवलं होतं. अपघाताच्या दिवशी शिवतेजचं अंग दुखत होतं. तो जाणार नव्हता. "उगाच खाडा कशाला, जाऊन या," असं वैष्णवी म्हणाली होती. म्हणाली होती हे खरंच आहे. कुठल्या घरात बायको असं म्हणत नाही? पण रंगूबाईंच्या काळजात ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं होतं, आणि बीजगुरूंनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.

पुढच्या गुरुवारी दोन गडू मांडले होते. "आज झाडच इन्साफ करेल," बीजगुरू म्हणाले. "ज्याच्या हाताला पाप नाही त्याचं पाणी पिवळं राहणार. सिंपल."

आधी रंगूबाई. त्यांच्यावरून लिंबं उतरवली, कापली आणि त्यांच्या गडूत पिळली. दोन-तीन आळ्यातही एका बाजूला पिळली. "माईची नजर काढतोय," असं तोंडानं चाललेलंच होतं. रंगूबाईंनी त्या बाजूला पाणी ओतलं. पिवळं पडलं आणि पिवळंच राहिलं. गर्दीनं हात जोडले.

मग वैष्णवी. ती मागंच सरली. हौसेराव इतके दिवस ओट्यावर बसून गप्प असत, तेच म्हणाले, "घे पोरी, एकदाचं मिटव." वैष्णवीनं सासऱ्याकडं बघितलं आणि गडू उचलला. तिच्यावरून लिंबू उतरवलं नाही. "हिच्या अंगावरून उतरवलं तर लिंबू काळं पडेल," असं कारण सांगितलं गेलं. तिनं दुसऱ्या बाजूला पाणी ओतलं. मैत्री तिच्या साडीला धरून उभी होती, तिच्या फ्रॉकवर शिंतोडे उडाले. आणि आळं लाल झालं.

गर्दी एक पाऊल मागं सरकली. बीजगुरूंनी आवाज खाली आणला. "कुणी पाठवलं ते नवऱ्याच्या रक्ताला बरोबर कळतं."

वैष्णवी रडली नाही. ती रंगूबाईंकडं बघून म्हणाली, "आई, तुम्ही तरी सांगा यांना. तुम्हाला ठाऊक आहे हे कशानं होतं."

रंगूबाईंना ते ऐकूच आलं नाही म्हणायचं. त्यांच्या डोळ्यांपुढं चादर होती आणि आळ्यातलं लाल. "मला येवढंच ठावं हाय," त्या म्हणाल्या, "की तू त्येला जा म्हनलीस. आता तू जा."

त्याच दुपारी वैष्णवी मैत्रीला घेऊन तळवलीला भावाकडं गेली. हौसेराव फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन ओट्यावर बसले. नातीची एक चप्पल दारातच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी रंगूबाई कपडे धुवायला बसल्या. बादलीत मैत्रीचा फ्रॉक निघाला. घेरावर हळदीच्या पाण्याचे पिवळे शिंतोडे. पोरीला धाडून द्यावा म्हणून त्यांनी डागावर साबण घासला. डाग लाल झाला.

हात थांबला. त्यांनी पाणी ओतलं, डाग पुन्हा पिवळट झाला. साबण घासला, पुन्हा लाल.

हे काय नवीन होतं? जन्मभर त्यांनी हळदीचे कपडे धुतले होते. वैष्णवी लग्न होऊन आली तेव्हा तिची हळदीची साडी बघून त्याच म्हणाल्या होत्या, "आधी उन्हात टाक गं. साबन लावशील तर लाल हुतोय डाग." सुनेला त्यांनीच शिकवलं होतं. सून त्यांना भर गर्दीत तेच आठवून देत होती, आणि त्यांनी तिला फाटक दाखवलं. रंगूबाई नळ वाहता ठेवून तशाच बसून राहिल्या. रडायलाही आलं नाही, इतकं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग उठल्या. परातीत धुनीची राख घेतली, वर हळदीचं पाणी ओतलं. लाल. वर लिंबू पिळलं. फसफसलं, आणि लाल जाऊन पिवळं आलं. त्या तशाच ओल्या हातांनी परात घेऊन मंजुषा मॅडमच्या दारात उभ्या राहिल्या. मॅडमनी परात बघितली आणि म्हणाल्या, "राख, चुना, साबण, सगळे एकाच जातीचे. हळद त्यांना भेटली की लाल होते. लिंबू उलट्या जातीचं, ते लाल घालवतं. कुंकूसुद्धा हळदीला चुना लावूनच करायचे की आपल्याकडं."

"मॅडम, तुमी आदी का न्हाय सांगितलं?"

"पहिल्या गुरुवारी मी तोंड उघडलं होतं, रंगूबाई. तुम्हीच म्हणालात, तुमचं पोर गेलं असतं म्हणजे कळलं असतं. मग मी घरात गेले. जायला नको होतं मी."

गुरुवार आला. गर्दी नेहमीसारखीच. बीजगुरूंनी गडू उचलला तेवढ्यात रंगूबाई उठून म्हणाल्या, "म्हाराज, आज म्या ओतनार."

"माई, आज तुमचं मन डिस्टर्ब आहे."

"व्हय, लई हाय." त्यांनी परात मांडली, राख घातली आणि गोजराबाईंनाच पुढं बोलावलं. "गोजरा, तू पापी हायीस का गं?" गोजराबाई म्हणाल्या, असं काय विचारतीस. "मग वत." गोजराबाईंनी पाणी ओतलं आणि परातीत रक्त झालं. गोजराबाईंच्या हातातून गडू सुटला.

"भिऊ नगंस, तुजं काय चुकल्यालं न्हाय," रंगूबाई म्हणाल्या आणि लिंबू पिळलं. परात पिवळी झाली. मग त्यांनी आपल्या फिकट पदरावर हळद लावली, वर साबणाची वडी घासली आणि लाल झालेला पदर सगळ्यांना दाखवला. "हे कुनाचं रगत? साबनाचं? तुमी समद्या रोज धुनं धुता. तुमच्यातल्या एकीला आठवलं न्हाय. आन मला तर आठवायचंच न्हवतं."

बीजगुरू ब्लँकेटची घडी करायला लागले होते. "निगेटिव्ह एनर्जी फार आहे इथं. अशा जागी सिग्नल पकडत नाही," असं म्हणत त्यांनी फाटक गाठलं. हौसेराव फाटकातच उभे होते. त्यांनी पाठीवर जशी पोती उचलली तशी बीजगुरूंच्या ब्लँकेटची वळकटी उचलली, रस्त्यावर नेऊन ठेवली आणि पोलिसांना फोन लावायला मंजुषा मॅडमना सांगितलं. पुढं बीजगुरूंचं काय व्हायचं ते होवो, आपली गोष्ट त्यांची नाही.

गर्दीत एक म्हातारी उभी होती. दर गुरुवारी ती आपल्या गेलेल्या मुलीसाठी यायची. तिनं हळूच विचारलं, "म्हंजे तुजा शिवतेज हितं न्हाय?"

दोन वर्षं रंगूबाईंनी हे वाक्य कुणाला बोलू दिलं नव्हतं.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "माजा शिवतेज मेला. हायवेवर मेला. ही नुसती राख हाय, आन राखंनं हळद लाल हुती." आणि मग मात्र त्या जमिनीवर बसून ऊर फुटेस्तोवर रडल्या. चादर घरी आली त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या.

झाड वाचलं नाही. मंजुषा मॅडमनी आळं खणलं तेव्हा खाली राखेचा थर सिमेंटसारखा बसलेला होता आणि मुळं काळी पडलेली. बोट लावलं की तुटत होती. "धुनी नसती तर कदाचित जगलं असतं," एवढंच त्या म्हणाल्या.

धुतलेला फ्रॉक आणि चप्पल पिशवीत घालून रंगूबाई तळवलीला गेल्या. वैष्णवीनं दार उघडलं, आत घेतलं, चहा ठेवला. मैत्री आजीच्या मांडीवर येऊन बसली. रंगूबाईंनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. "चुकलं माजं, पोरी. घरी चल."

वैष्णवीनं पोरीच्या फ्रॉकची घडी नीट केली. "आई, माझा राग गेलाय," ती म्हणाली. "मी त्यांना जा म्हणाले, हे माझं मला रोज खातं. तुम्हाला ते ठाऊक असेल असं मला वाटायचं. पण तुम्ही एका परक्या माणसाचं ऐकून मला सगळ्यांसमोर खुनी ठरवलंत. उद्या मैत्रीला ताप आला आणि कुणी म्हणालं की आईमुळं आला, तर तुम्ही काय कराल, हे मला आता सांगता येत नाही. रविवारी तिला भेटायला येत जा. मी यायची नाही."

चहा निवून गेला होता, तो रंगूबाईंनी तसाच प्यायला. मैत्री जिन्यापर्यंत सोडायला आली, पुढच्या खेपेला चिक्की आण म्हणाली.

गल्लीत शिरताना गोजराबाई भेटल्या. त्यांचाही चेहरा उतरलेला होता. पण सवय कुठं जाते? त्या कुजबुजल्या, "रंगू, त्यो लबाडच निघाला बघ. पन तिकडं घनसोलीला एक बाई हाय म्हनं, ती फकस्त नाडी धरती आन गेल्याला मानूस बोलतो. ती खरी हाय. सुनंला परत आनायचा कायतरी तोडगा देईल."

रंगूबाईंनी रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोवली. "गोजरा, तिच्याकडं जाशील तर जा," त्या म्हणाल्या, "पन येक कर. ती कायबी दावंल, त्यावर आदी इचार, ह्ये कशानं हुतंय. मला सांगा, पुन्ना करून दावा, माज्या हातानं करू द्या, म्हन. खरं आसंल तर त्याला इचारल्यानं काय हुतंय? आन येका मानसाकडं बोट करून ती म्हनली, हिच्यामुळं झालं, तर तितनं त्याच पावली उटून ये. म्या उटले न्हाय. माजी सून आन माजी नात तळवलीला ऱ्हात्यात."

आणि त्या फाटक उघडून घरात गेल्या.